टाकीत काठी घातल्याशिवाय उडू नकोस

भाचीबाई,

तुझं स्टुडंट पायलटचं लायसन्स आल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. पेढे नंतर दे, आधी चार गोष्टी कानावर घालतो. मी उमेदीची सगळी वर्षं फ्लाइंग क्लबात इन्स्ट्रक्टरकी करण्यात घालवली. माझ्या हाताखाली शिकलेली काही पोरं आज मोठाली जेट विमानं चालवतात आणि माझ्या कितीतरी पट कमावतात. मला त्यांचा हेवा कधी वाटला नाही, कारण माझं मन रमलं ते दोन सीटच्या, एका पंख्याच्या विमानात. तुझ्या बोलण्यावरून तुलाही तीच बाधा झालेली दिसते. नोकरीपुरतं शिकणाऱ्याला अभ्यासक्रम पुरतो. हौस जन्मभर टिकवायची तर सवयी लागतात, आणि त्या पहिल्या पन्नास तासांत लागल्या तर लागल्या.

जे. आर. डी. टाटांना भारतातलं पहिलं पायलट लायसन्स १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालं. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी पस मॉथमधून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. तिथून बरोबर पन्नास वर्षांनी, वयाच्या ७८ व्या वर्षी, जुन्या लेपर्ड मॉथमधून तोच प्रवास त्यांनी पुन्हा केला. लोकांना यात धाडस दिसतं. मला दिसतात ती मधली पन्नास वर्षं. इतकी वर्षं हौसेनं उडून अठ्ठ्याहत्तरीत पुन्हा एकट्यानं कॉकपिटमध्ये बसायचं, तर धाडस कमी आणि चिकटपणा जास्त लागतो. कंटाळवाण्या गोष्टी रोज न कंटाळता करायचा चिकटपणा. तेवढ्याबद्दलच हे लिहितोय.

उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारतेस ना, ती नुसत्या डोळ्यांनी मारू नकोस, हातांनी मार. एलेरॉन उचलून बघ, बिजागरीची पिन चाचप, टायर दाब. प्रॉपच्या पुढच्या कडेवरून नख फिरव. नख कुठे अडकलं तर खड्यानं पाडलेली खाच आहे असं समज आणि मेकॅनिकला हाक मार, कारण तडा जातो तो अशाच खाचेपासून. पण प्रॉपला हात लावायच्या आधी किल्ली काढलेली आहे, मिक्श्चर बंद आहे हे पाहायचं, आणि तरीही पंखा फिरेल त्या वाटेत उभं राहायचं नाही. मॅग्नेटोची एक वायर तुटलेली असली की किल्ली बंद असूनही इंजिन जिवंत असतं. आमच्या वेळच्या पुष्पकला स्टार्टरच नव्हता. हिंदुस्तान एअरोनॉटिक्सनं बनवलेलं, कापडानं मढवलेलं, ९० अश्वशक्तीचं ते विमान हातानं पंखा फिरवूनच चालू करावं लागे. त्यामुळे प्रॉपचा धाक आमच्या पिढीच्या अंगात भिनला होता. तुमच्या सेसनाला बटण आहे, म्हणून तो धाक मुद्दाम शिकवावा लागतो.

आता पेट्रोल. डॅशबोर्डवरचे पेट्रोलचे काटे फक्त शोभेचे आहेत असं धरून चाल. स्ट्रटवर पाय देऊन वर चढ, टाकीचं झाकण उघड, मोजकाठी सरळ उभी आत घाल आणि ओल कुठवर आली ते बघ. दोन्ही टाक्या बघायच्या. 'कालच भरलंय' असं कुणीही सांगितलं, अगदी तुझ्या इन्स्ट्रक्टरनं सांगितलं, तरी काठी घालायची. साध्या सेसना १५२ मध्ये दोन्ही टाक्या मिळून सुमारे ९८ लिटर मावतं, त्यातलं ९२-९३ लिटरच कामाला येतं. तासाला २३-२४ लिटर जातं असा हिशेब ठेव. पुस्तकातला आकडा नव्या इंजिनाचा असतो, तुझं विमान तुझ्या वयापेक्षा मोठं आहे. १५२ चं उत्पादन १९८५ मध्येच थांबलं. म्हणून माझा नियम सोपा होता: चाकं टेकतील तेव्हा टाकीत एक तासाचं पेट्रोल उरलेलं हवं. कायद्याला कमी चालतं. मला चालत नसे.

काठीनंतर पाणी. पंखाखालच्या ड्रेनला तो पारदर्शक कप लावून थोडं पेट्रोल काढ आणि उजेडाकडे धर. आपलं विमानाचं पेट्रोल, म्हणजे १०० एलएल, फिकट निळं असतं. पाणी त्याच्यापेक्षा जड, ते तळाला जाऊन बसतं. कप थोडा हलवलास की तळाशी एखादा गोल, बिनरंगी थेंब मण्यासारखा घरंगळतो आणि त्याच्या कडेची रेघ स्पष्ट दिसते. तो दिसला की कप रिकामा कर आणि पुन्हा काढ, थेंब दिसेनासा होईपर्यंत काढत राहा. एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. पाणी खूप असलं तर अख्खा कपच पाण्यानं भरतो. मग रेघच दिसत नाही आणि सगळं कसं स्वच्छ वाटतं. म्हणून आधी रंग बघ. निळेपणा नसेल तर थांब. वास घे, दोन थेंब बोटावर घे. पेट्रोल लगेच उडून जातं आणि बोट गार पडतं. जून ते सप्टेंबर, उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाच्या झाकणाचं रबर जुनं झालं असेल तर एका रात्रीच्या पावसात टाकीत पाणी उतरतं. पावसाळ्यात हे काम दोनदा करायचं: एकदा आल्या आल्या, एकदा पेट्रोल भरून झाल्यावर पाणी तळाला बसायला थोडा वेळ देऊन.

आणि पिटोची नळी. पंखाखाली असलेल्या त्या बोटभर नळीच्या तोंडात कुंभारीण माशी चिखलाचं घर करते. तिला काही दिवस लागत नाहीत. मग धावपट्टीवर वेग घेतेस तेव्हा वेगाचा काटा हलतच नाही. पिटोला टोपी घालायची सवय सगळ्यांना लावून दे, आणि उडण्याआधी ती काढायची सवय स्वतःला. काउलिंगच्या आत साळुंकीनं काड्या आणून ठेवल्यात का तेही बघ. विमान दोन-चार दिवस उभं राहिलं की पक्ष्यांना ती जागा भाड्यानं मिळाल्यासारखी वाटते.

ही फेरी चालू असताना कुणी बोलायला आलं, फोन वाजला, चहा आला, तर सोडलंस तिथून पुढे सुरू करू नकोस. दोन पायऱ्या मागे जाऊन सुरू कर. तेलाच्या डिपस्टिकचं झाकण हातात असताना गप्पा मारणाऱ्याला मी विमानापासून लांब उभं करत असे. त्याला राग येई, येऊ दे.

हातांबद्दल थोडं. नवशिक्यांची मूठ इतकी आवळलेली असते की विमान काय सांगतंय ते कळतच नाही. योक दोन बोटं आणि अंगठा एवढ्यातच धर, भरलेला चहाचा कप धरतात तसा. ट्रिम नीट केलं असेल तर हात सोडल्यावरही विमान सरळ जातं. नसेल जात तर ट्रिम चुकलंय, हाताचा जोर वाढवून ते दुरुस्त होत नाही. पाय झोपू देऊ नकोस. चढताना इंजिन पूर्ण जोरात असतं, तेव्हा विमानाचं नाक डावीकडे ओढ घेतं, उजवा पाय हवाच. विमान तिरकं घसरतंय हे दाखवणाऱ्या बॉलकडे बोट करून इन्स्ट्रक्टर दर मिनिटाला 'बॉल, बॉल' म्हणून ओरडतो ते याचसाठी. पाय शिकायचे असतील तर महिनाभर हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर जा. ग्लायडरला इंजिन नाही, पायाची चूक लपवायला तिथे आवाजही नाही. आणि प्रत्येक उतरण ही एकदाच मिळते, तिथे 'पुन्हा वर जाऊ' नाही.

उतरताना नजर नाकासमोरच्या डांबरावर नको, धावपट्टीच्या लांबच्या टोकावर ठेव. जमीन वर येताना डोळ्यांच्या कडांना दिसते, तिथूनच उंची कळते. मग थ्रॉटल बंद, आणि विमानाला उतरू न देता थोडं थोडं मागे धरत राहा. ते आपण होऊन दमतं आणि मागची चाकं टेकतात. उडी मारली तर? सरळ पूर्ण थ्रॉटल, पुन्हा सर्किट. चुकलेल्या उतरणीला सुधारत बसण्यापेक्षा वर जाणं स्वस्त पडतं. गो-अराउंडची लाज वाटणारे पायलट मी पाहिलेत. त्यांच्या विमानांचे वाकलेले पुढचे पायही पाहिलेत.

धुळ्याचा मे महिना तुला मी सांगायची गरज नाही. पण विमानाला तो कसा वाटतो हे ऐक. समजा तळ हजार फुटांवर आहे आणि पारा ४२ वर. प्रमाण वातावरणात त्या उंचीला १३ अंश धरतात. म्हणजे २९ अंश जास्त, आणि दर अंशाला ढोबळ १२० फूट धरले की साडेतीन हजार फूट वाढले. तुझ्या विमानाच्या लेखी ते साडेचार हजार फुटांवरून उडतंय. हवा विरळ, इंजिनाचा दम कमी, पंखांची उचल कमी, पंख्याची पकडही कमी. तिन्ही बाजूंनी तोटा. धावपट्टी नेहमीपेक्षा जास्त खाल्ली जाते आणि चढण केविलवाणी होते. त्यात दुपारच्या वावटळी. चैत्र-वैशाखात दहा वाजता विमान बांधून ठेवावं आणि आंब्याच्या रसावर ताव मारावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तास भरण्यासाठी भर दुपारी मुलांना उडवणारे मला कधी पटले नाहीत.

पावसाळ्यातली उलटी भानगड म्हणजे कार्ब्युरेटरमधला बर्फ. बाहेर २८ अंश, अंगाला घाम, आणि आत बर्फ, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, पेट्रोलची वाफ होते, दोन्हींमुळे तापमान झपाट्यानं उतरतं आणि हवेतली वाफ तिथेच गोठते. दमट हवा आणि कमी थ्रॉटल हे त्याचं आवडतं जेवण. पहिली खूण म्हणजे आरपीएम हळूहळू, कुणाच्या लक्षात येणार नाही असे घसरतात. लगेच कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ, पूर्ण ओढ. ओढल्यावर इंजिन आधी आणखी कुरकुरतं, खोकतं, कारण वितळलेलं पाणी त्यातून जात असतं. नवी मुलं इथेच घाबरून ती परत आत ढकलतात. ढकलू नकोस. ओढून धर, इंजिन आपोआप सावरतं. उतरण्यासाठी थ्रॉटल कमी करायच्या आधीच ती ओढायची सवय लाव.

आता ज्याच्याबद्दल तुझी आई मला विचारते आणि मी विषय बदलतो, ते. इंजिन बंद पडलं तर?

पहिलं, नाक खाली आणि ६० नॉट. बाकी सगळं त्यानंतर. १५२ या वेगाला हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल तरंगत जातं. तीन हजार फुटांवर असशील तर हातात चार मिनिटं तरी आहेत. चार मिनिटं पुष्कळ असतात. मैदान निवड, मग कार्ब हीट, पेट्रोलचा कॉक, मिक्श्चर, मॅग्नेटो, प्रायमर आत फिरवून लावलाय का, हे बघ. यातल्या एकानं बऱ्याचदा इंजिन परत चालू होतं. पण उडाल्या उडाल्या, पाचशे फुटांच्या आत बंद पडलं, तर मागे वळून धावपट्टी गाठायचा विचार मनात आणायचा नाही. समोर जे असेल त्यात, थोडं डावं-उजवं करून उतरायचं. मागे वळताना माणसं गेली आहेत, समोर उतरून बहुतेक हाडं मोडून का होईना घरी आली आहेत.

शेत निवडणं ही वेगळी विद्या आहे आणि ती वरून नाही, एसटीच्या खिडकीतून शिकायची. धुळ्याहून शिरपूरला, जळगावला जाशील तेव्हा शेतं बघत जा. उतरायला कुठलं शेत चालेल? केळीची बाग नाही, ती म्हणजे खांबांचं रान. ऊस नाही. दसऱ्यानंतरचा कापूस कमरेच्या वर जातो, विमान त्यात अडकून उलथतं. ज्वारी-बाजरी काढून झालेलं, नुसती धसकटं उरलेलं शेत चांगलं. उन्हाळ्यातली नांगरट टाळ, एकेक ढेकूळ डोक्याएवढं असतं. दुसरं काही नसेलच तर तासाच्या दिशेनं उतर, आडवं कधी नाही. काळी जमीन पावसात ओली असेल तर पुढचं चाक रुतून विमान पालथं पडतं, तेव्हा नाक शेवटपर्यंत वर धर आणि टेकण्याआधी दारं थोडी उघडून ठेव, म्हणजे चौकट वाकली तरी ती अडकणार नाहीत. तापी-पांझरेची पात्रं वरून गुळगुळीत दिसतात. त्या वाळूत धोंडे असतात. रस्ता मोहात पाडतो, पण रस्त्याला ट्रक असतात आणि रस्त्याकडेला तारा. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मधे तार आहेच असं समज. विहिरीजवळ मोटर असते, मोटरीला तार असते.

वारा कुठला, हे विचारायला खाली कुणी नसतं. वीटभट्टीचा धूर बघ, देवळावरचा झेंडा बघ, तळ्याच्या पाण्यावर बघ: ज्या काठाला पाणी नितळ, वारा त्या काठाकडून येतो. वाऱ्याच्या तोंडावर उतर, कारण जमिनीवर तुझा वेग जितका कमी तितकं बरं. साठ नॉटनं बांधावर आदळणं हे चाळीस नॉटनं आदळण्याच्या सव्वादोन पट असतं. हे गणित वेगाच्या वर्गाचं आहे, त्यात वशिला चालत नाही.

सह्याद्री ओलांडून मुंबईकडे जायची वेळ येईल तेव्हा पश्चिमेचा वारा असेल तर लक्षात ठेव. हवा कोकणाच्या बाजूनं कड्यावरून वर चढते आणि आपल्या बाजूला, पूर्वेला, खाली कोसळते. तू त्या कोसळणाऱ्या बाजूनं जाणार. डोंगरमाथ्याच्या वर दोन हजार फूट तरी उंची असू दे (कळसूबाई सुमारे ५४०० फूट आहे, त्यावरून काय ते ठरव), आणि रांगेला काटकोनात भिडू नकोस. पंचेचाळीस अंशांत तिरकी जा, म्हणजे उंची मिळेना तर थोडंसं वळून सुटता येतं. घाटमाथ्यावर ढग बसले असतील तर नाशिकला उतरून चहा घ्यायचा. ढगाखालून खिंडीत शिरणाऱ्यांच्या शौर्यकथा ऐकशील. त्या फक्त पार गेलेले सांगतात.

ढगात शिरायचं नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचं दिसणं बंद करून उडायला लावलं. वीसच्या वीस जणांच्या हातून विमान गेलं, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत. आपण सरळ जातोय असं कान सांगत असतो आणि विमान वळत वळत खाली चाललेलं असतं. ढग समोर दिसला की मागे वळणं, हे वळण मी माझ्या मुलांकडून सगळ्यात जास्त घोकून घेतलं.

मात्र हौशी पायलटाला सगळ्यात मोठा धोका ढगात नसतो, स्वतःच्या गावावर असतो. लायसन्स मिळतं, मावशी-काका गच्चीवर जमतात, रुमाल हलवतात, आणि आपला वीर खाली येऊन घरावर घिरट्या घालतो. नजर गच्चीवर, वेग उतरत चाललेला, आणि वळण आणखी आवळलेलं. ६० अंशांच्या वळणात विमानाचं वजन दुप्पट झाल्यासारखं होतं आणि स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा, वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. ज्या विमानाचा ४५ नॉटला स्टॉल होतो त्याचा ६३ ला होतो. पाचशे फुटांवर त्यातून सावरायला जागा उरत नाही. ताईच्या बिल्डिंगवरून तू कधीही, कुणीही म्हटलं तरी, घिरटी घालायची नाहीस. कौतुक करून घ्यायचं असेल तर सगळ्यांना तळावर बोलाव, वडापाव दे, विमान दाखव.

जुहूची एक गोष्ट सांगतो. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझला उतरायचं ते जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि टोक ओलांडून पुढे गेलं. माणसं वाचली, विमान कामातून गेलं. अनुभवी वैमानिक होते ते. दोन धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या, काही किलोमीटरच्या अंतरावर; डोळ्यांना जे हवं ते दिसलं. तेव्हा फायनलवर आल्यावर धावपट्टी सापडली या आनंदात राहू नकोस. होकायंत्राचा आकडा बघ, धावपट्टीवरचा आकडा वाच, ती नेमकी कुठली ते स्वतःला मोठ्यानं सांग. दोन सीटच्या विमानात मोठ्यानं बोललं तरी कुणी हसत नाही.

पैशांचं बोलतो, कारण घरात कुणी बोलणार नाही. फी एकरकमी भरू नकोस, संस्था कितीही नावाची असो आणि सूट कितीही देत असो. दहा-दहा तासांचे भर. विमानं दुरुस्तीला जातात, इन्स्ट्रक्टर सोडून जातात, आणि मुलं पावत्या घेऊन बसतात. आठवड्यातून तीन दिवस उडता येईल तेव्हाच उड; महिन्यातून एकदा उडणाऱ्याचा प्रत्येक तास मागचा तास आठवण्यात जातो. प्रायव्हेट लायसन्सला किमान ४० तास लागतात, 'किमान' हा शब्द नीट वाच. लॉगबुक त्याच दिवशी, शाईनं भर. आमच्यात 'पार्करचे तास' म्हणून एक प्रकार असे, म्हणजे विमानानं नव्हे, पेननं उडवलेले तास. ते कागदावर दिसतात आणि वाऱ्याच्या झोतात दिसत नाहीत. कागदांचा कंटाळा मात्र करू नकोस. कांदिवलीला घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात? २०१६ मध्ये मुंबईतल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते विमान लोकांनी पाहिलं, आणि नोंदणी मिळाली २०१७ मध्ये. कागदांसाठी थांबून राहण्याचं हे धैर्य मला विमानापेक्षा मोठं वाटतं.

तळावरच्या बाकी मुलामुलींशी चढाओढ करू नकोस. १९३० मध्ये आगाखान बक्षिसासाठी जे.आर.डी. भारतातून इंग्लंडकडे आणि अॅस्पी इंजिनिअर इंग्लंडहून भारताकडे निघाले होते. वाटेत इजिप्तमध्ये अबूकिरला दोघं भेटले. अॅस्पींचे स्पार्क प्लग खराब झाले होते, जे.आर.डीं.नी आपल्याकडचे दिले. बक्षीस अॅस्पींना मिळालं. पुढे तेच भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. तुझ्या डब्यात जास्तीचा ड्रेन-कप, टॉर्च आणि पेन ठेव. मागेल त्याला दे.

हे सगळं वाचून 'मामा, मग मजा कुठाय?' असं विचारशील. मजा ऑक्टोबरात आहे. पाऊस ओसरला की हवा धुतल्यासारखी होते. सकाळी साडेसहाला उडालीस तर दीड हजार फुटांवर एक धक्काही बसत नाही. लळिंगचा किल्ला डावीकडे सरकत जातो, उत्तरेला सातपुड्याची निळी रांग टोकापर्यंत दिसते, पांझरा अजून पाण्यानं भरलेली, बांधाबांधांवर माणसं कामाला निघालेली, आणि त्यांच्यातला एखादा कपाळावर हात धरून वर बघतो. थोड्या वेळानं उन्हं तापली की घारी वर्तुळं घेत वर चढतात. त्या फिरताहेत तिथे हवा वर जातेय असं समज, आणि त्यांच्याखालून जाऊ नकोस. घाबरलेला पक्षी बहुधा खाली सूर मारतो. जेटवाल्यांना यातलं काही दिसत नाही. त्यांना दिसतो ढगांचा वरचा पांढरा भाग आणि जेवणाचा ट्रे.

म्हणून पावसाळा उलटला की सकाळची पहिली पाळी मागून घे. आणि प्रायव्हेट लायसन्स हातात आलं की उजव्या सीटवर पहिला मी. १५२ चं जास्तीत जास्त वजन ७५७ किलो. रिकाम्या विमानाचं वजन त्याच्या कागदांत लिहिलेलं असतं, तेच घे, पुस्तकातलं नको. पेट्रोल लिटरला ०.७२ किलो धर. माझं वजन ८४ किलो आहे, बॅगेचं वेगळं. हिशेब कागदावर मांडून मला पाठव. बसत नसेल तर पेट्रोल कमी कर, मामाला नाही.